तह झाल्यानंतर

गेल्या वर्षी सहामाही परीक्षेत दहावीच्या इतिहासाच्या पेपरात मी एक जुनाच प्रश्न घातला होता : महायुद्धाचे परिणाम सविस्तर लिहा, गुण पाच. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसल्यापासून वर्गावर जाणे कमी झाले असले तरी दहावीचा इतिहास मी अजून सोडलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर काय येणार हे पेपर हातात घेण्यापूर्वीच मला ठाऊक असते. तहाचे साल, पराभूत राष्ट्रावर लादलेल्या अटी, नकाशातील फेरबदल, राष्ट्रसंघाची स्थापना, पुढच्या युद्धाची बीजे. पाच मुद्दे, पाच गुण. जवळजवळ तीस वर्षे मी हेच शिकवत आलो आणि मुले हेच लिहीत आली.

एका मुलाचे उत्तर मात्र निराळे निघाले. दीड पान लिहिले होते, अक्षरही बरे होते, पण त्यात ना जर्मनी होती ना व्हर्साय. त्याने लिहिले होते की युद्ध नौदलाने जिंकले, पण तुरुंग फोडून सर्वांत भयंकर कैदी पळाले ही गोष्ट सरकारने लपवून ठेवली. ज्या म्हाताऱ्याच्या झेंड्यामुळे गरीब बेटे सुरक्षित होती तो म्हातारा मेल्यावर त्या बेटांना कोणी वाली उरला नाही. युद्धाचा हेतू साधला तरी सैनिक एकमेकांना मारीतच राहिले, कारण थांबा म्हणणारे कोणी नव्हते. आणि शेवटी एक वाक्य होते : 'युद्धानंतर चाचे कमी झाले नाहीत, वाढले.'

मी लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला आणि भोपळा दिला.

दुसऱ्या दिवशी पोरगा ऑफिसच्या दाराशी उभा. हातात उत्तरपत्रिका. म्हणाला, "सर, मी महायुद्धाचेच परिणाम लिहिलेत. कुठलं महायुद्ध ते प्रश्नात नव्हतं." मी प्रश्नपत्रिका काढून पाहिली. खरोखरच 'पहिल्या' हा शब्द छापायचा राहून गेला होता. मुद्रितशोधन माझेच. मी विचारले, "मग हे कुठले महायुद्ध?" तो म्हणाला, "मरीनफोर्डचं, सर. 'वन पीस' मधलं." मी म्हटले, "म्हणजे कार्टून?" त्यावर तो जरा दुखावल्यासारखा झाला. "कार्टून नव्हे सर, ॲनिमे." मग जाता जाता त्याने विचारले, "पण सर, आपल्या पुस्तकातल्या युद्धात जे शिपाई वाचले त्यांचं पुढं काय झालं? ते धड्यात कुठंच नाही."

त्याचे वडील फौजेतून निवृत्त होऊन आता एका बँकेच्या दाराशी रखवालीला उभे असतात, हे मला ठाऊक होते. मी त्याला वर्गात जायला सांगितले. प्रश्नाचे उत्तर मात्र दिले नाही, कारण ते मजपाशी नव्हते.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलीकडून लॅपटॉप लावून घेतला आणि ते युद्ध, आणि मुख्य म्हणजे युद्धानंतरचे भाग, मी पाहून काढले. या अंकाच्या माझ्या वयाच्या वाचकांपैकी अनेकांना हे नावही नवे असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांनी मला क्षमा करावी.

जपानचे चित्रकथाकार आइइचिरो ओदा यांनी १९९७ साली एका साप्ताहिकात 'वन पीस' ही चित्रकथा सुरू केली. १९९९ पासून तिची दूरचित्रवाणी मालिका झाली आणि तिचे हजारावर भाग झाले. कथेतले जग बहुतेक सारे समुद्राचे. बेटाबेटांवर राज्ये, त्या सर्वांवर एक जागतिक सरकार आणि त्याचे बलाढ्य नौदल. समोर चाचे. चाच्यांचा राजा गोल डी. रॉजर याला सरकार भरचौकात सुळावर चढविते. हेतू असा, की त्याचे मरण पाहून लोकांनी धसका घ्यावा. पण मरता मरता तो आपला खजिना एका ठिकाणी ठेवल्याचे सांगून जातो, आणि धसका घेण्याऐवजी माणसे होड्या घेऊन समुद्रात लोटतात. कथानायक लुफी हा त्यांपैकीच एक पोरसवदा चाचा.

पुढे रॉजरचा मुलगा एस हा सरकारच्या हाती लागतो. एस आणि लुफी हे मानलेले भाऊ. 'पांढरी दाढी' म्हणून ओळखला जाणारा वृद्ध चाचा एडवर्ड न्यूगेट एसला आपला पुत्र मानतो. त्याला सोडविण्यासाठी तो आपला सारा ताफा घेऊन नौदलाच्या मुख्य ठाण्यावर, मरीनफोर्डवर, चालून जातो. घनघोर युद्ध होते. एस मारला जातो, न्यूगेट उभ्या उभ्या प्राण सोडतो, नौदल जिंकते. जपानी दूरचित्रवाणीवर हे भाग २०१०-११ मध्ये दाखविले गेले. मुलांना त्या लढाईचे फार कौतुक. मला मात्र लढाई संपल्यानंतरच्या भागांनी जागे ठेवले.

पहिली गोष्ट, युद्ध थांबते कसे. एस गेला, न्यूगेट गेला, म्हणजे ज्यासाठी ही सारी जमवाजमव होती ते कारण संपले. तरी नौदलाचे शिपाई पळणाऱ्या चाच्यांचा पाठलाग करीतच राहतात आणि जखमींना मागे टाकून पुढे धावतात. तेव्हा कोबी नावाचा नौदलातलाच एक कोवळा मुलगा मध्ये उभा राहून रडत ओरडतो, की आता पुरे करा, उचलले तर वाचतील असे शिपाई आपण मरू देत आहोत. त्याच्याच पक्षाचा सेनानी त्याला ठार मारायला हात उगारतो. तेवढ्यात शँक्स हा दुसरा मोठा चाचा मध्ये पडतो आणि दोन्ही पक्षांना माघारीचा रस्ता देतो. मृतांचे जाहीर धिंडवडे होऊ नयेत, त्यांना मूठमाती देऊ द्या, असे तो मागतो. नौदलाचा सरसेनापती सेंगोकू स्वतःच्या जबाबदारीवर ते मान्य करतो.

दुसरी गोष्ट बातमीची. वर्तमानपत्रे नौदलाचा विजय मोठ्या अक्षरांत छापतात. पण युद्धाच्या गडबडीत समुद्राखालच्या तुरुंगातून भयंकर कैदी निसटलेले असतात. लोकांना सावध करावे असे सेंगोकूला वाटते. वरून उत्तर येते, की सरकारची अब्रू जाईल, तोंड बंद ठेवा. जिंकलेला सेनापती राजीनामा देतो. त्याच्या जागेसाठी दोन सेनानी दहा दिवस एकमेकांशी झुंजतात. एक सरसेनापती होतो, दुसरा नौदल सोडून जातो. विजयी पक्षाचे हे झाले.

तिसरी गोष्ट बेटांची. न्यूगेट चाचा खरा, पण त्याने आपला झेंडा ज्या बेटांवर लावला होता तिथे इतर चाचे फिरकत नसत. तो गेल्याचे कळताच ती बेटे लुटली जाऊ लागतात. समुद्रतळाच्या मत्स्यमानवांच्या बेटाला तर दुसऱ्या एका चाची राणीच्या झेंड्याखाली जावे लागते. दरमहा मिठाईचे ढीग खंडणी म्हणून धाडायचे, नाही तर सर्वनाश. न्यूगेटचा उजवा हात असलेला मार्को वर्षभराने सूड घ्यायला जातो, हरतो, आणि मग धन्याच्या गरीब जन्मगावी वैद्य होऊन राहतो.

चौथी गोष्ट लुफीची. भाऊ डोळ्यांदेखत गेला. तो वेड्यासारखा झाडाखडकांवर डोके आपटतो. जिंबे नावाचा जुना खलाशी त्याला बजावतो, की गेले ते मोजू नकोस, उरले काय ते पाहा. लुफी बोटे मोजतो आणि आपले सोबती आठवून रडतो. मग तो पुन्हा मरीनफोर्डला जातो. लढायला नाही. पडझड झालेल्या त्या मैदानावर तो घंटा वाजवतो, फुले वाहतो, माथा झुकवून उभा राहतो. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत येते. दंडावर खूण असते, जी फक्त त्याच्या सोबत्यांना कळावी : तीन दिवसांनी नव्हे, दोन वर्षांनी भेटू. पुढची दोन वर्षे तो अज्ञातवासात स्वतःला घडवीत राहतो.

हे सारे काल्पनिक आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यात एक खरे युद्ध दिसू लागले. ओदांनी पात्रांची नावे कुठून घेतली ते पाहिले आणि खात्री पटली. पांढऱ्या दाढीच्या न्यूगेटचे नाव एडवर्ड. त्याचा घात करून पुढे मोठा होणाऱ्या काळ्या दाढीच्या चाच्याचे नाव टीच. ही दोन नावे जोडली की होते एडवर्ड टीच, म्हणजे अटलांटिक समुद्रात खरोखर होऊन गेलेला 'ब्लॅकबिअर्ड'. न्यूगेट हे लंडनच्या जुन्या तुरुंगाचे नाव, जिथे पकडलेले चाचेही कोंडले जात. मालिकेत बार्थोलोम्यू आहे, बेलामी आहे, बॉनी आहे. ही सारी खऱ्या चाच्यांची नावे, आणि यांतली बहुतेक माणसे एकाच पिढीतली. ती पिढी आली एका महायुद्धानंतर.

स्पेनच्या गादीच्या वारशावरून १७०१ मध्ये युरोपात युद्ध पेटले. एका बाजूला फ्रान्स आणि स्पेन, दुसऱ्या बाजूला इंग्लंड, हॉलंड, ऑस्ट्रिया. लढाई युरोपात झाली तशी अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणि कॅरिबियन समुद्रातही झाली. १७१३ मध्ये उट्रेख्टचा तह झाला. आमच्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात या तहाची कलमे होती : जिब्राल्टर इंग्लंडला मिळाले, स्पॅनिश वसाहतींना गुलाम पुरविण्याचा मक्ता इंग्लंडला मिळाला, फ्रान्स व स्पेनची राज्ये एक होणार नाहीत असे ठरले. परीक्षेत मला चांगले गुण पडले.

त्या तहाने खलाशांचे काय झाले हे मात्र मला कोणी विचारले नव्हते. युद्धकाळात इंग्लंडच्या आरमारात सुमारे ५० हजार माणसे होती. तहानंतर दोनेक वर्षांत ती १३-१४ हजारांवर आली. पस्तीस हजारांहून अधिक माणसे बंदराबंदरांत मोकळी सुटली. त्यांतल्या कित्येकांना मुळात जबरदस्तीने पकडून जहाजावर चढविलेले होते. आता व्यापारी जहाजांच्या दारात इतकी गर्दी झाली की मालकांनी पगार निम्म्यावर आणला. मिळेल त्या अन्नावर आणि चाबकाखाली काम करायचे, नाही तर धक्क्यावर भीक मागायची.

याशिवाय आणखी एक वर्ग होता. युद्ध चालू असताना राजे खासगी जहाजांना परवाने देत, की शत्रूची व्यापारी जहाजे लुटा आणि लुटीतला वाटा ठेवून घ्या. कालपर्यंत परवाना खिशात असलेला हा माणूस राजसेवक होता. तहावर सह्या झाल्या आणि त्याच माणसाने तेच काम केले तर तो फाशीस पात्र चाचा झाला. 'वन पीस' मध्येही सरकारच्या परवान्याने लुटणारे सात चाचे सरदार आहेत, आणि पुढे सरकार ती पद्धत एका ठरावाने रद्द करून त्यांच्याच अंगावर जहाजे सोडते. खऱ्या जगात असे परवाने बंद करण्याचे युरोपीय राष्ट्रांनी ठरविले ते थेट १८५६ मध्ये, पॅरिसच्या जाहीरनाम्याने.

जुलै १७१५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वादळात स्पेनचा चांदीने लादलेला ताफा फुटला. अकरा जहाजे बुडाली, हजाराच्या आसपास माणसे गेली. ती चांदी उपसायला बेकार खलाशी धावले. प्रथम बुडालेल्या चांदीवर हात मारला, मग स्पॅनिशांच्या छावणीतल्या उपसलेल्या चांदीवर. बहामा बेटांवरचे नासाऊ हे गाव युद्धात, १७०३ मध्ये, स्पॅनिश आणि फ्रेंचांनी जाळून टाकले होते. तिथे ना गव्हर्नर उरला होता ना फौज. ते चाच्यांचे गाव बनले. हॉर्निगोल्ड, बेलामी, टीच ही माणसे इथलीच. टीचने आपल्या जहाजाला नाव दिले 'राणी ॲनचा सूड'. ज्या राणीच्या कारकीर्दीत हे युद्ध लढले गेले ती १७१४ मध्येच वारली होती. मे १७१८ मध्ये टीचने चार्ल्सटाउन बंदर अडविले, माणसे ओलीस धरली, आणि खंडणी म्हणून शहराकडून औषधांची पेटी मागितली.

सरकारने दोन उपाय केले. सप्टेंबर १७१७ मध्ये राजाने माफीचा जाहीरनामा काढला, आणि जुलै १७१८ मध्ये वूड्स रॉजर्स हा गव्हर्नर नासाऊला उतरला. हा रॉजर्स स्वतः युद्धकाळात परवाना घेऊन स्पॅनिश जहाजे लुटत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेला. शेकडो चाच्यांनी माफी घेतली. हॉर्निगोल्ड तर जुन्या सोबत्यांना पकडून देऊ लागला. टीच नोव्हेंबर १७१८ मध्ये लढाईत मारला गेला आणि त्याचे मुंडके जहाजाच्या नाळेवर टांगले गेले. डिसेंबरात माफीनंतर पुन्हा चाचेगिरीकडे वळलेल्या आठ जणांना नासाऊत फाशी झाली. आणि त्याच डिसेंबरात इंग्लंडने स्पेनशी पुन्हा युद्ध पुकारले. झाले! परवाने पुन्हा सुरू झाले. तीच माणसे, तोच धंदा, आणि आता तो पुन्हा राजसेवेत जमा.

इथे मास्तर म्हणून एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर माझ्या विद्यार्थ्यांचा गैरसमज होईल. खरे चाचे लुफीसारखे नव्हते. त्यांच्या जहाजावर कप्तान मतांनी निवडला जाई, लुटीची वाटणी ठरलेली असे, हातपाय गमावणाऱ्याला भरपाई मिळे. व्यापारी जहाजावर यांतले काही नव्हते, हे खरेच. पण याच माणसांनी कैद्यांचा छळ केला, खून केले, आणि पकडलेल्या जहाजांवरचे गुलाम मालासारखे विकले. अन्याय सोसलेला माणूस न्यायी होतोच असे नाही. मालिकेत हा मुद्दा सोयीने मागे राहतो, असे मला वाटते.

चाचे बहामातून हुसकले गेले म्हणजे संपले असेही झाले नाही. ते केप ओलांडून हिंदी महासागरात आले आणि त्या तहाची झळ आपल्या दारापर्यंत पोहोचली. ऑलिव्हिए लव्हास्यर हा फ्रेंच खलाशी युद्धात फ्रान्सच्या राजाचा परवाना बाळगून होता असे सांगतात. तहानंतर तो हॉर्निगोल्डच्या सोबतीने कॅरिबियनात वावरला. एप्रिल १७२१ मध्ये त्याने आणि जॉन टेलर या इंग्रज चाच्याने रीयुनियन बेटापाशी वादळाने मोडकळीला आलेले एक पोर्तुगीज जहाज धरले. ते गोव्याहून निघाले होते. त्यावर होता गोव्याचा मावळता व्हाइसरॉय एरिसैराचा काउंट, आणि त्याच्यासोबत हिरे, रेशीम आणि पूर्वेतून जमविलेली ग्रंथसंपदा. चाच्यांच्या साऱ्या इतिहासातल्या मोठ्यात मोठ्या लुटींत तिची गणना होते. हिऱ्यांची वाटणी झाली. ग्रंथांचे काय मोल चाच्यांना! व्हाइसरॉय खंडणी भरून सुटला. वीस वर्षांनी, १७४१ मध्ये, तो पुन्हा व्हाइसरॉय होऊन गोव्यात आला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला.

या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी इंग्लंडने कमोडोर मॅथ्यूज याच्या हाताखाली राजाच्या आरमाराचा एक ताफा पूर्वेकडे धाडला. तो १७२१ मध्ये मुंबईला आला आणि वर्षअखेरीस त्याने तोफा रोखल्या त्या कुलाब्यावर, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावर. कारण इंग्रजांच्या दप्तरी कान्होजीही चाचेच. वास्तविक कान्होजी छत्रपती शाहूंचे सरखेल, किनाऱ्याचे रक्षणकर्ते. ते जहाजांकडे दस्तक मागत, जसे पोर्तुगीज आपले परवाने मागत आणि इंग्रज आपले. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले आणि हात हलवीत परतले. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी निराळा तह करून टाकला. चाचा कोणाला म्हणायचे हे ज्याच्या हाती लेखणी तो ठरवितो, हे आपल्याला कान्होजींमुळे पूर्वीच ठाऊक आहे. मालिकेतल्या मत्स्यमानवांच्या बेटाला न्यूगेटचा झेंडा काय वाटत असेल, हे म्हणूनच कोकणातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

लव्हास्यरला १७३० मध्ये रीयुनियन बेटावर फाशी दिले गेले. दंतकथा अशी, की फासावर चढताना त्याने सांकेतिक लिपीतला एक कागद गर्दीत भिरकावला आणि खजिना शोधून काढा असे आव्हान दिले. त्या खजिन्यासाठी पुढे कितीतरी माणसांनी बेटे खणली. ओदांनी ही दंतकथा वाचली होती की नाही हे मी सांगू शकत नाही. पण रॉजरच्या मरणापासून सुरू होणारी त्यांची कथा पाहताना लव्हास्यर आठवल्याशिवाय राहत नाही.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. जे वाचले त्यांचे पुढे काय झाले?

उत्तर माझ्या घरातच होते. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. आमच्या गावात ज्या घरातून कोणी फौजेत गेले नाही असे घर शोधावे लागते, तेव्हा यात नवल काही नव्हते. त्या युद्धात हिंदी फौज २५ लाखांच्या घरात गेली होती. युद्ध संपले आणि फौज आटली. आजोबा १९४६ मध्ये सुटून आले. सोबत एक लोखंडी ट्रंक, दोन पदके, आणि डाव्या कानाला ऐकू येणे बंद. जमीन भावकीत गेलेली. ते दुसऱ्याचे शेत वाट्याने करू लागले. पण पहाटे चारला उठून दाढी करायची, बूट चमकवायचे, हे त्यांचे सुटले नाही. बूट घालून ते ओसरीवर बसत. जायचे कुठेच नसे. फटाके वाजू लागले की ते गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात हात टाकून उभे राहत. आम्हा नातवंडांना त्याचे हसू येई. दिवाळीत तर आम्ही मुद्दाम गोठ्यामागे लवंगी लावत असू. ते कधी रागावले नाहीत.

ते १९८४ मध्ये गेले तेव्हा मी शाळेत होतो. पुढे इतिहासात एम.ए. केले. महायुद्धाची कारणे आणि परिणाम तीस वर्षे फळ्यावर लिहिले. पण ज्या माणसाच्या मांडीवर मी वाढलो त्याला एकदाही विचारले नाही, की आजोबा, तुम्ही परत आलात तेव्हा काय झाले? लुफीला झाडावर डोके आपटताना पाहिले, तो घंटा वाजवून मान खाली घालून उभा राहिलेला पाहिला, आणि मला गोठ्यातले आजोबा दिसले. मुलगी शेजारी बसली होती. म्हणाली, "बाबा, बंद करू का?" मी म्हटले, "नको, चालू दे."

तह हा युद्धाचा शेवट आहे असे आपण मुलांना शिकवितो. उट्रेख्टच्या तहानंतर चाचे वाढले, मरीनफोर्डच्या विजयानंतरही वाढले. दोन्हीकडे कारण एकच. लढाईसाठी माणसे गोळा करणाऱ्यांनी लढाई संपल्यावर ती माणसे जमेस धरली नाहीत. ज्यांच्या हाती हत्यार चालविण्याखेरीज दुसरे काही उरले नाही, त्यांतले काही समुद्रावर गेले. बाकीचे, आणि तेच संख्येने फार जास्त, गुपचूप ओसरीवर बसून राहिले. त्यांच्यावर ना फाशीचा खटला चालला ना मालिका निघाली, म्हणून ते कुठे लिहिले गेले नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा दहावी उत्तीर्ण होऊन दाखला न्यायला आला. जुनी उत्तरपत्रिका मी जपून ठेवली होती. भोपळा खोडून तीन गुण केले आणि त्याला दाखविले. निकाल लागून गेल्यावर त्या गुणांचा उपयोग शून्य, हे त्यालाही माहीत होते. तरी त्याने विचारले, "दोन का कापले सर?" मी म्हटले, "पहिल्या महायुद्धावर एक ओळ तरी लिहायची होतीस." तो हसला. मग मी त्याला नासाऊची आणि लव्हास्यरची गोष्ट सांगितली. दाखला हातात धरून तो अर्धा तास उभ्यानेच ऐकत होता. बस म्हटले तरी बसला नाही.

यंदाच्या सहामाहीच्या पेपरात मी तो प्रश्न पुन्हा घातला आहे. 'पहिल्या' हा शब्द या वेळी नीट छापला आहे. खाली दोन गुणांचा एक उपप्रश्न जोडला आहे : आपल्या घरातील किंवा गावातील फौजेतून परतलेल्या एका माणसाला, तो परतल्यावर काय झाले हे विचारून या, आणि ऐकाल ते लिहा. हा उपप्रश्न मुलांना पंधरा दिवस आधी सांगून ठेवला होता. एकूण त्रेपन्न उत्तरपत्रिका आहेत. गठ्ठा टेबलावर आहे. दिवाळीच्या सुट्टीत तपासायचा आहे, आणि या खेपेला कोण काय लिहिणार हे मला ठाऊक नाही.